फुटक्या कानाची गोष्ट

लंडनला सेंट थॉमस नावाचं एक फार जुनं रुग्णालय आहे, आणि तिथं सव्वादोनशे वर्षांपूर्वी वैद्यकी शिकणारा एक विशीतला पोरगा होता, ज्याच्या अंगी मोठी अजब करामत होती. तोंड मिटायचं, नाक चिमटीत धरायचं, गाल फुगवून आतल्या आत वारा दाबायचा, की सूंऽऽ करत तो वारा त्याच्या कानातून बाहेर पडायचा! कानातून शिट्टी वाजायची, कानशिलावरचे केस भुरभुरायचे, आणि कुणी मेणबत्ती कानाशी धरली तर तिची ज्योत हलायची. असला पोरगा आपल्याकडं असता तर जत्रेत तंबू ठोकून लोकांनी पैसे मिळवले असते. पण त्याची गाठ पडली अ‍ॅस्टली कूपर नावाच्या तरुण शल्यवैद्याशी, आणि कूपरच्या डोक्यात वेगळाच प्रश्न उभा राहिला, की बाबा, वारा कानातून येतोय म्हणजे मधला पडदा फाटलेला आहे हे उघड आहे, पण मग तुला ऐकू कसं येतं?

कारण त्याला ऐकू येत होतं. दहा वर्षांचा असताना त्याचा डावा कान फुटला, ठणकला, वाहिला, मग उजव्याचीही तीच गत झाली. कूपरनं तपासलं तर डाव्या कानाचा पडदा पार नाहीसा झालेला, उजव्याच्या मधोमध मोठं भोक आणि भोवतीनं नुसती कड राहिलेली. डावा कान उजव्यापेक्षा थोडा मंद होता, पण चारचौघांत बसून हा गडी सगळं बोलणं ऐकायचा, उत्तरं द्यायचा. १८०० साली कूपरनं ही सगळी हकिगत लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवली, पुढल्या वर्षी आणखी एक निबंध पाठवला, आणि १८०१ सालचं कोप्ली पदक त्याला मिळालं. विज्ञानातलं त्या काळचं सगळ्यांत मानाचं पदक, आणि ते मिळालं फुटक्या कानांकडं नीट बघितल्याबद्दल.

त्याआधी लोकांची पक्की समजूत अशी, की पडदा गेला म्हणजे कान गेला. ती खरी की खोटी हे बघायला इंग्लंडातल्या चेसल्डन नावाच्या शल्यवैद्यानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एक भलताच बेत आखला होता. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला सांगितलं, तुझ्या कानाचा पडदा आम्हाला टोचू दे, तुला माफी मिळेल. कैदी कबूल झाला, पण ऐन वेळी त्याला ताप भरला, काम लांबणीवर पडलं, आणि तेवढ्यात बाहेर बोभाटा होऊन लोकांनी इतका गिल्ला केला की तो प्रयोग बंदच करावा लागला. जे बघायला चेसल्डन एका जिवाचा सौदा करायला निघाला होता, ते कूपरसमोर आपल्या पायांनी चालत आलं. बघणाऱ्याची नजर ताजी पाहिजे, एवढंच.

आणि त्या पोराची खरी गंमत तर पुढंच आहे. तो फ्लूट वाजवायचा. नुसता फुंकायचा नाही, रसिकतेनं वाजवायचा, मैफिलीत इतरांच्या साथीला बसायचा, आणि सुरातला बारीकसा फरकही त्याच्या कानातून सुटत नसे. मला यात नवल वाटतं पण अविश्वास वाटत नाही, कारण आमच्या भजनी मंडळातला पखवाजी असाच होता. लहानपणीच कान फुटलेला, पावसाळा लागला की वाहायचा, गावात सगळे म्हणायचे की याचा एक कान कामातून गेला, आणि भजन सुरू होण्याआधी हाच गडी पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावायचा, थाप मारायचा, चिमूटभर कणीक काढायचा, पुन्हा थाप मारायचा, आणि आम्हा धड कानवाल्यांना दोन्ही थापा एकच वाटत असताना तो मान हलवून म्हणायचा, "अजून जड आहे." पेटीवाला सूर धरायचा तेव्हा कळायचं, की याचंच बरोबर होतं.

आता हे होतं कसं ते समजून घ्यायचं तर जरा कानात उतरायला हवं. डॉक्टर दिवा लावून कानात बघतात तेव्हा बोळाच्या शेवटी त्यांना काय दिसतं म्हणाल, तर एक राखाडी मोतिया रंगाचा तलम पडदा, सेंटीमीटरभरच रुंद, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा, थोडासा तिरका आणि मधोमध आत ओढलेला. त्याच्यावर दिव्याची एक तिकोनी चमक पडते, उजव्या कानात खाली उजवीकडं, डाव्या कानात खाली डावीकडं, आणि वरून मध्यापर्यंत उतरलेली एका हाडाची दांडी पडद्यातून दिसते. ही हातोडी. तिच्या पाठीमागं ऐरण, आणि ऐरणीच्या लांब टोकाला चिकटलेली रिकीब. रिकीब आपल्या अंगातलं सगळ्यांत लहान हाड, उंची मिलिमीटर तीनएक, वजन मिलिग्रॅम तीनएक. पोर जन्माला येतं तेव्हाच ही तिन्ही हाडं जवळजवळ पुऱ्या मापाची असतात, पुढं पोर वाढतं, हाडं तेवढीच राहतात.

ही हाडं जिथं टांगलेली असतात ती खोली हवेनं भरलेली असते, आणि तिथून एक नळी खाली घशामागं उतरते. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीचंच काम. आपल्या फ्लूटवाल्या पोराचा वारा याच वाटेनं वर चढायचा.

पण एवढा खटाटोप हवा कशाला? याचं उत्तर विहिरीत मिळतं. विहिरीत सूर मारून तळाशी गेलेल्या पोराला काठावरून आई घसा फोडून हाका मारत असते, आणि पोराला काही पत्ता नसतो. वर आल्यावर तो म्हणतो, मला ऐकूच आलं नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. हवेतला आवाज पाण्यावर आपटला की जवळजवळ सगळाच माघारी फिरतो, हजारातला एखादा भाग तेवढा आत शिरतो. आता आपल्या कानाच्या सगळ्यांत आतलं दालन, ते शंखाकृती दालन, पाण्यानंच भरलेलं आहे! म्हणजे जन्मभर आपण सगळेच त्या विहिरीच्या तळाशी बसलेलो, आणि वरची हाक खाली पोचवायचं काम पडद्याचं आणि या तीन हाडांचं. ते करतात असं, की पडद्याचा थरथरणारा भाग रिकिबीच्या तळव्यापेक्षा सुमारे १७ पट मोठा, म्हणजे टाचणीच्या रुंद डोक्यावर अंगठा दाबला की सगळा जोर टोकाशी एकवटतो तसा पडद्यावरचा सगळा दाब रिकिबीशी एकवटतो. त्यात हातोडी आणि ऐरण यांच्या तरफेनं आणखी सव्वापट भर पडते, आणि असा दाब विसेक पटींनी वाढून पाण्यापर्यंत पोचतो. डेसिबलमध्ये मोजला तर हा फायदा पंचवीस-तीसच्या आतबाहेर.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण इथंच माझ्या सगळ्यांत आवडीचं कोडं येतं, जे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तसाच बसलो होतो. समजा एका माणसाचा पडदाही गेला आणि हातोडी-ऐरणही गेली, नुसती रिकीब राहिली. त्याचं ऐकणं चाळीस-पन्नास डेसिबलनं घटतं. आणि दुसरा माणूस असा, की त्याचा पडदा अगदी चकचकीत, धड, कुठं ओरखडा नाही, पण आत डोक्याला मार लागून ऐरणीचा सांधा सुटलाय. कुणाला जास्त ऐकू येईल? कुणीही म्हणेल, दुसऱ्याला, निदान पडदा तरी शाबूत आहे. तर नाही! दुसऱ्याचं ऐकणं साठ डेसिबलपर्यंत घटतं. बाहेरून बघणाऱ्या डॉक्टरला देखणा कान दिसतो, आणि शेजारी बसून केलेली कुजबुजच काय, साधं बोलणंही त्या कानात शिरत नाही.

कारण असं, की आतल्या पाण्याच्या दालनाला दोन खिडक्या आहेत. एक लांबट, तिच्यात रिकिबीचा तळवा बसलेला. दुसरी गोल, तिच्यावर पातळ कातडं ताणलेलं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून रिकिबीनं एका खिडकीतून रेटलं की दुसरीचं कातडं बाहेर फुगतं, आणि तेव्हाच आतलं पाणी हलतं. पडदा आणि हाडं नसली, तर मोकळा आवाज दोन्ही खिडक्यांवर जवळजवळ एकदमच येऊन आदळतो, दोन्हीकडून सारखाच रेटा, मग पाणी हलणार कुठं? तरी थोडंफार हलतं, कारण दोन्हीकडचे आवाज काटेकोर जुळत नाहीत. पण साखळी तुटलेली आणि पुढं धड पडदा ताणलेला, तर तो पडदा स्वतः काही पोचवत तर नाहीच, उलट भिंत होऊन आवाजाला अडवतो. फुटका पडदा वाट तरी मोकळी सोडतो.

या दोन खिडक्यांची करामत उकलण्याच्या कितीतरी आधी एक रोगीच तिचा फायदा उठवत होता. १८४०च्या दशकात न्यूयॉर्कहून एक गृहस्थ लंडनला जेम्स यर्स्ली नावाच्या कानाच्या डॉक्टरकडं आले, आणि त्यांनी सांगितलं, की मी कागदाचा तुकडा वळतो, त्याचं टोक थुंकीनं ओलं करतो आणि कानात खोलवर बसवतो, की मला चांगलं ऐकू येतं! दुसरा एखादा डॉक्टर हसून त्यांना वाटेला लावता, पण यर्स्लीनं ते मनावर घेतलं, ओल्या कापसाची बारीक गोळी पडदा फाटलेल्या इतर रोग्यांच्या कानात बसवून बघितली, पुष्कळांचं ऐकणं सुधारलं, आणि १८४८ साली त्यानं ते छापून टाकलं. गोळी नेमकी जागेवर बसली तर एका खिडकीला आडोसा मिळतो, किंवा सुटत आलेल्या रिकिबीला टेका मिळतो. पण हे ऐकून कुणी घरी कानात काही घालू नका रे बाबांनो. काडी, पीन, कोमट तेल, लसणीचा रस, फुटक्या कानात यातलं काहीही नको. जिथं पडदा नाही तिथं घातलेलं सगळं थेट आतल्या खोलीत जातं.

आता याच्या पुढची पायरी बघा. थोडं कमी ऐकू येणं निराळं, आणि कान आतून विस्कटलेला असताना यंत्रावर तपासलं तर ऐकणं चक्क सामान्य निघणं निराळं. असेही कान असतात, आणि थोडेथोडके नाहीत.

पडद्यावर खडूचे पांढरे डाग पडतात, कधी नालाच्या आकाराचे, कधी सगळा पडदा चुनखडीनं सारवलेला. लहानपणी कान वारंवार दुखले असतील, किंवा आतलं पाणी काढायला पडद्यात बारीक नळी बसवली असेल, तर मागं राहतात असे डाग. बघणारा नवा डॉक्टर दचकतो, आणि रोग्याला तर सगळं स्वच्छ ऐकू येत असतं, कारण डागांच्या मधला पडदा अजून लवचिक असतो. बारीक भोकाचंही तसंच. जितकं लहान भोक आणि जितकी आतली खोली ऐसपैस, तितका तोटा कमी, आणि तोही मुख्यतः खर्जाच्या आवाजांत. मग ठिगळ. भोक पुष्कळदा आपोआप भरून येतं, पण मधला चिवट थर परत न येता नुसतं पातळ कातडं येतं, इतकं पातळ की डॉक्टरला आधी ते भोकच वाटतं. बारकाईनं बघितलं की ते हलताना दिसतं.

आणि मग येतं ते खरं नवल. तीन हाडांपैकी सगळ्यांत आधी झडतं ते ऐरणीचं लांब टोक, कारण तिथवर रक्ताचा पुरवठा फार बेताचा. कान वर्षानुवर्षं आजारी राहिला, घशाकडची नळी नीट उघडेना, की पडदा आत आत ओढला जातो, ऐरणीच्या टोकाला जाऊन भिडतो, टोक हळूहळू विरघळतं, आणि साखळी तुटते. आता मघाच्या हिशोबानं इथं ऐकणं बुडायला हवं. पण पडदा आत ओढला जाता जाता थेट रिकिबीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि तिथंच चिकटतो! हातोडीला वळसा, ऐरणीला रजा, पडद्याचा हलका धक्का सरळ रिकिबीला. अशा कानात मायक्रोस्कोपनं बघितलं तर पडद्याखाली रिकिबीचं इवलंसं डोकं उमटलेलं दिसतं, आणि यंत्रावर तपासलं तर कित्येकदा ऐकणं सामान्य, किंवा जरासंच कमी. ज्याचा कान आहे त्याला कशाचा पत्ताही नसतो. तो सर्दी झाली म्हणून आलेला असतो.

आणि ही काही नवी युक्ती नाही बरं का. पाखरांचा कान असाच असतो. त्यांच्या पडद्यापासून आतल्या खिडकीपर्यंत एकच हाड, एक सरळ दांडी. एवढ्या एका दांडीवर गव्हाणी घुबड काळोख्या रात्री गवतातल्या उंदराची खसफस ऐकतं आणि नेमकं त्याच्यावर उतरतं. अमेरिकेत रॉजर पेन यानं पूर्ण अंधाऱ्या खोलीत घुबडाला उंदीर धरायला लावून हे दाखवून दिलं. मग आपल्याला दोन हाडं जास्तीची आली कुठून? १८३७ साली जर्मनीत रायखर्ट नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं डुकराचे गर्भ तपासून सांगितलं, की हातोडी आणि ऐरण ही मुळात जबड्याच्या सांध्याची हाडं! सरपटणाऱ्या जिवांत आजही ती जबड्यातच आहेत. आपल्या वंशात ती हळूहळू लहान होत कानात शिरली. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची ही हाडं अजून जबड्यालाच जोडलेली असतात, आणि आईच्या पिशवीत वाढता वाढता ती सुटून कानाची होतात. कोट्यवधी वर्षांचा प्रवास एका पिशवीत काही आठवड्यांत. मला विचाराल तर यापुढं परीकथाही फिकी.

आणि पडदाही नको नि मधला कानही नको असं म्हणणारे महाभाग आहेतच. सेशेल्स बेटांवर गार्डिनरचा बेडूक म्हणून सेंटीमीटरभराचा एक जीव आहे. त्याला कानाचा पडदा नाही, आतली हवेची खोली नाही. तो बहिरा असणार असंच कुणाला वाटेल, पण तो ओरडतो. आणि ऐकणारंच कुणी नसेल तर ओरडायचं कुणासाठी? शास्त्रज्ञांनी जंगलात भोंगे लावून त्यांना त्यांचीच ओरड ऐकवली, तर बेडकांनी लगेच दाद दिली. मग क्ष-किरणांनी त्यांची डोकी बारकाईनं तपासली आणि २०१३ साली सांगितलं, की हा बेडूक तोंडानं ऐकतो: तोंडाची पोकळी नेमकी त्याच्याच ओरडण्याच्या सुरावर घुमते, आणि तिथून पातळ कातड्यातून आवाज आतल्या कानात जातो.

पण या सगळ्या कौतुकात एक गोष्ट मला जीव तोडून सांगायची आहे. ऐकू येतंय म्हणजे कान निरोगी आहे असं नव्हे. कोलेस्टिएटोमा म्हणून एक आजार आहे. बाहेरचं कातडं पडद्याच्या खोलगट खिशातून आतल्या खोलीत शिरतं, तिथं त्याचे पापुद्रे सुटत राहतात, साचत राहतात, त्यांचा गोळा होतो, आणि तो गोळा भोवतालचं हाड कुरतडत जातो. कान थोडाथोडा वाहतो, त्याला घाण वास येतो. ऐरण खाऊन झाली तरी कधीकधी माणसाला उत्तम ऐकू येतं, आणि ते का, तर खाल्लेल्या ऐरणीच्या जागी तो गोळाच ठाण मांडून बसतो, पडद्याचे हेलकावे स्वतःच्या अंगातून रिकिबीला पोचवतो! चोरानं भिंत पोखरली आणि स्वतःच तिथं टेकू होऊन उभा राहिला. बाहेर सगळं आबादीआबाद, आणि आत हाड झिजतंय, मेंदूखालच्या छपराकडं, चेहऱ्याच्या नसेकडं, तोल सांभाळणाऱ्या नळ्यांकडं. म्हणून वासाचा कान वाहत असेल तर ऐकू येतंय या भरवशावर एक दिवसही घरी बसू नये.

असा रोगी समोर आला की शस्त्रक्रियेआधी डॉक्टरला एक अवघड बोलणं करावं लागतं. त्याला सांगावं लागतं, की तुमचा आजार मी काढणार आहे, तो काढायलाच हवा, पण त्याच्यासोबत आवाज पोचवणारा तुमचा पूलही जाणार आहे, आणि उद्या या कानानं तुम्हाला आजच्यापेक्षा कमी ऐकू येईल. रोगी साहजिकच बुचकळ्यात पडतो, ऐकू येणारा कान कापायचा कशाला म्हणून दुसरीकडं विचारायला जातो, आणि चांगला डॉक्टर न चिडता त्याला पुन्हा बसवून आतलं चित्र काढून दाखवतो. मग खोली स्वच्छ करून झाली की, त्याच वेळी किंवा काही महिन्यांनी, पडदा नवा घालतात आणि पडद्यापासून रिकिबीपर्यंत एक टेका बसवतात. कधी रोग्याचीच उरलेली ऐरण घासून, कधी कानाच्या कुर्चेचा तुकडा कातरून, कधी टायटॅनियमची बारीक दांडी. जर्मनीतल्या वुलस्टाइन आणि झोलनर या दोघांनी १९५० च्या दशकात कान दुरुस्त करायच्या या रीती पद्धतशीर बसवल्या, आणि त्यांतली एक म्हणजे पडदा सरळ रिकिबीच्या डोक्यावर टेकवायचा, बस्स. आजारी कान कुणी न सांगता स्वतःवर जे करून घेत होता, तेच त्यांनी चाकू-चिमट्यानं करून दाखवलं. ते जमलं, रिकीब मोकळी हलत राहिली, तर पुढं काही आठवड्यांनी कानातला बोळा निघतो, आणि तो माणूस पाखराच्या रीतीनं, एका दांडीवर, ऐकायला लागतो.